गावोगावच्या सुखदुःखाची गणती करणारे सर जॉन सिंक्लेअर

स्कॉटलंड देशाच्या अगदी उत्तर टोकास, जेथे जमीन संपून थंड व खवळलेला समुद्र लागतो, तेथे थर्सो नावाचे बंदर आहे. या बंदरानजीकच्या गढीत ता. १० मे १७५४ रोजी जॉन सिंक्लेअर यांचा जन्म झाला. घराणे जुन्या जमीनदारांचे होते. वडील १७७० साली वारले, तेव्हा जॉन अवघे सोळा वर्षांचे होते. आणि त्या कोवळ्या वयात केथनेस परगण्यातील विस्तीर्ण जमिनीचे ते मालक झाले. वयात येईपर्यंत त्यांच्या आईने कारभार पाहिला. एडिंबरो, ग्लासगो व ऑक्सफर्ड येथील विद्यालयांत त्यांनी अध्ययन केले, कायद्याची परीक्षाही दिली. परंतु वकिलीचा झगा अंगावर चढवून पोट भरण्याची त्यांस गरज नव्हती, आणि तसे त्यांनी कधी केलेही नाही.

त्या काळच्या केथनेस परगण्याचे वर्णन ऐकले असता आपल्याकडील एखाद्या डोंगरी तालुक्याची आठवण होईल. रस्ते नव्हते. गाड्या क्वचितच दृष्टीस पडत. शेतात खत न्यावयाचे तर बायका ते टोपल्यांत भरून पाठीवरून वाहून नेत. कुळाच्या जमिनीचे लहान लहान तुकडे दुसऱ्याच्या तुकड्यांत मिसळलेले असत, त्यामुळे कोणी बांध घालीना व कोणी जमीन सुधारीना. खंडाखेरीज जमीनदाराची वेठही करावी लागे.

तरुण सिंक्लेअर यांचे पहिले नाव झाले ते एका रस्त्यामुळे. बेन चेल्ट नावाच्या डोंगराच्या कुशीतून घोडा हाती धरूनही नेणे कठीण असे. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतः फिरून त्या डोंगरातील वाट आखली, हत्यारे व शिधा ठिकठिकाणी ठेवविला, आणि ठरल्या दिवशी पहाटे निरनिराळ्या गावांतून सुमारे १,२६० माणसे एकत्र आणली. प्रत्येक टोळीस तिचा तुकडा नेमून दिलेला होता. सायंकाळी त्या वाटेने गाडी जाऊ शकत होती. सहा मैलांचा हा रस्ता एका दिवसात झाला, ही गोष्ट देशभर पसरली. जमीनदाराचा हुकूम व कायद्याने लादलेले रस्त्याचे श्रम यांच्या बळावर हे घडले, हे मात्र विसरता कामा नये. आलेल्या माणसांपैकी किती जण राजीखुशीने आले होते याची नोंद कोणी ठेविली नाही. पुढे ज्यांनी साऱ्या देशास इतके प्रश्न विचारले त्यांस त्या दिवशी हा प्रश्न सुचला नव्हता.

१७८० साली ते केथनेसतर्फे पार्लमेंटात निवडून गेले. दोनच वर्षांनी, १७८२ साली, उत्तर स्कॉटलंडात पीक बुडाले. पाऊस व अकाली थंडी यांमुळे कणसे हिरवीच राहिली आणि पुढील वर्षी लोकांवर उपासमारीची पाळी आली. सिंक्लेअर यांनी पार्लमेंटात खटपट करून १५,००० पौंडांची मदत मंजूर करविली व तीमुळे पुष्कळांचे प्राण वाचले. परंतु त्या समयी एक गोष्ट उघडी पडली. कोणत्या गावात किती माणसे आहेत, किती धान्य पिकते, किती जण भिक्षेवर जगतात, हे सांगणारा एकही कागद सरकारच्या दप्तरात नव्हता. तोवर ब्रिटनमध्ये शिरगणती झालीच नव्हती. १७५३ साली तसा कायदा करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी मोठा गहजब केला. लोकांचे स्वातंत्र्य जाईल, शत्रूस आपले बळ कळेल, कर वाढतील, असे आक्षेप निघाले. आणि दावीद राजाने इस्राएलाची गणती केली तेव्हा मरी आली, तशी आपल्यावरही येईल, ही भीतीही पुष्कळांच्या मनात होती. तो कायदा झाला नाही.

१७८५ साली सिंक्लेअर यांची पहिली पत्नी निवर्तली. पदरी दोन लहान मुली होत्या. दुःखाने त्यांचे मन इतके खचले की सार्वजनिक काम सोडून द्यावे असे त्यांस वाटू लागले. मित्रांच्या आग्रहावरून १७८६ साली त्यांनी उत्तर युरोपचा प्रवास आरंभिला आणि सुमारे सात महिन्यांत स्वीडन, रशिया, पोलंड, जर्मनी इत्यादी देश पाहिले. जर्मनीत त्यांच्या कानी एक नवा शब्द पडला, तो स्टॅटिस्टिक्स हा होय. जर्मन पंडित या शब्दाने राज्याचे बळ मोजण्याची विद्या समजत: सैन्य किती, खजिना किती, किल्ले किती. सिंक्लेअर यांनी शब्द उचलला, परंतु त्याचा अर्थ पालटला. एखाद्या देशातील रहिवाशांच्या वाट्यास सुख किती आले आहे, आणि ते वाढविण्यास कोणते उपाय आहेत, हे शोधून काढणे म्हणजे स्टॅटिस्टिक्स, असे त्यांनी ठरविले. इंग्रजी भाषेत तो शब्द रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांजकडेच जाते. आज आपण ज्यास आकडेवारी म्हणतो व जिचे नाव काढताच पुष्कळांस जांभई येते, तिच्या आरंभी हा सुखाचा प्रश्न होता, ही गोष्ट मोठी चित्तवेधक आहे.

आता सुख मोजावे कोणी? सरकारी अंमलदार पाठविले तर लोक दार लावून घेतील. सिंक्लेअर यांची दृष्टी स्कॉटलंडच्या मंडळीकडे गेली. त्या देशात ९३८ पॅरिश होत्या. पॅरिश म्हणजे एका पाळकाच्या देखरेखीखाली असलेला गाव व त्याचा शिवार. प्रत्येक पॅरिशमध्ये पाळक व मंडळीचे वडील मिळून एक पंचायत असे. गरिबांस मदत वाटणे, शाळेवर देखरेख करणे, बाप्तिस्मे, लग्ने व मृत्यू यांची वही ठेवणे, ही कामे या पंचायतीकडे होती. त्याखेरीज दरवर्षी पाळक घरोघर फिरून लोकांची प्रश्नोत्तरावलीत परीक्षा घेई. त्यासाठी त्याजजवळ घरवार यादी असे: अमक्या वाडीत अमके घर, घरात परीक्षेच्या वयाची माणसे इतकी. उपदेशकाच्या हातची ही साधी यादी राष्ट्राच्या उपयोगी पडेल असे पूर्वी एकाच गृहस्थाने ओळखले होते, ते म्हणजे एडिंबरोचे पाळक अलेक्झांडर वेबस्टर. त्यांनी १७५५ साली अशाच याद्यांवरून स्कॉटलंडची लोकसंख्या १२,६५,३८० ठरविली होती.

ता. २५ मे १७९० रोजी सिंक्लेअर यांनी सर्व पाळकांस पहिले पत्र धाडले. सोबत १६० प्रश्नांची छापील यादी होती. पहिले चाळीस प्रश्न जमीन, नद्या, हवा, खनिजे, रोग यांविषयी होते. नंतरचे साठ लोकसंख्येविषयी: पुरुष किती, स्त्रिया किती, दहा वर्षांखालील किती, सत्तरीवरील किती, विणकर किती, सुतार किती, नोकर किती, गाव सोडून गेलेले किती. पुढील सोळा पीक व मालाविषयी होते. शेवटले चव्वेचाळीस किरकोळ म्हणून घातले होते. पण आमच्या मते यादीचा जीव त्यांतच होता. मजुरीचा दर काय? धान्याचा भाव काय? शाळा किती व मुले किती? गरीब किती आणि त्यांचे पोट कशावर चालते? दारूची दुकाने किती, आणि त्यांचा लोकांच्या वागणुकीवर काय परिणाम होतो? लोक उद्योगी आहेत काय? संकटात सापडलेल्यांस साहाय्य करण्यास ते पुढे येतात काय? समाजात राहून मनुष्यास जी सोय व जे समाधान मिळावे ते त्यांस बेताचे तरी मिळते काय? आपल्या स्थितीत ते संतुष्ट आहेत काय? नसल्यास ती स्थिती कशाने सुधारेल? काही दिवसांनी सहा प्रश्न आणखी जोडण्यात आले.

पाळकांस या कामाबद्दल एक पैही मिळावयाची नव्हती. पुस्तके विकून होणारा नफा पाळकांच्या मुलाबाळांस मदत करणाऱ्या सोसायटीस देण्याचे सिंक्लेअर यांनी जाहीर केले, आणि पुढे राजाकडून त्या सोसायटीस २,००० पौंडांची देणगीही मिळवून दिली. काही पाळकांनी तत्काळ उत्तरे पाठविली. जेडबरो, हॉलीवुड, पोर्टपॅट्रिक व हौनम या चार गावांचे वृत्तांत नमुन्यादाखल छापून इतरांस धाडण्यात आले, म्हणजे काम कसे करावे हे सर्वांस दिसावे. १७९१ साली पहिला खंड बाहेर पडला.

परंतु पुष्कळांकडून काहीच येईना. कोणी वृद्ध होते, कोणी आजारी, कोठे पाळकाची जागाच रिकामी होती. जमीनदारांस भीती वाटे की जमिनीचे उत्पन्न प्रसिद्ध झाल्यास कर बसतील. कुळांस भीती वाटे की तेच उत्पन्न वाचून जमीनदार खंड वाढवील. पाळक दारात वही घेऊन उभा राहिला की घरधनी गुरांची संख्या कमी करून सांगे. विश्वासाने सांगितलेले आकडेच खरे असतात, आणि विश्वास काही छापील पत्राने येत नाही. तो त्या त्या पाळकाने पूर्वी कमावलेला असावा लागतो. म्हणूनच की काय, या वृत्तांतांत फार असमानता आहे. काही चार पानांत आटोपलेले, कोरडे. काही असे की वाचताना त्या गावातून चालत असल्याचा भास व्हावा. मॉनव्हिटर गावच्या पाळकांनी तर शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात गावाची काय दशा झाली होती हेही नोंदून ठेविले आहे.

सिंक्लेअर यांनी चिकाटी सोडली नाही. एकामागून एक अशी तेवीस परिपत्रके त्यांनी पाठविली. सभ्य विनंती झाली, मित्रांकरवी भीड घातली, जमीनदारांकरवी निरोप गेले. शेवटी शेवटी तर तांबड्या शाईने लिहिलेले पत्रही गेले. तरीही जी गावे उरली त्यांजकडे त्यांनी स्वखर्चाने माणसे रवाना केली, आणि या माणसांस त्यांनी गणतीचे मिशनरी असे नाव दिले. काम पुरे होण्यास सात वर्षे, सात महिने व सात दिवस लागले, असे ते अभिमानाने सांगत. एकविसावा व शेवटला खंड १७९९ साली निघाला. ९३८ पैकी एकही पॅरिश सुटली नाही.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस उपयोगी अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वहीत लिहिलेला आकडा आणि गावातील खरी स्थिती या दोहोंत किती अंतर पडते, हे त्या पाळकांस फार लवकर कळून आले. परीक्षेच्या यादीत सहासात वर्षांखालील मुले नसत. तेव्हा यादीवरून लोकसंख्या काढावयाची तर लहान मुलांची भर अंदाजाने घालावी लागे, आणि तो अंदाज गावागणिक वेगळा. बाप्तिस्म्याच्या वहीची गंमत तर निराळीच होती. १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसविला. झाले! गरिबांनी व राष्ट्रीय मंडळीपासून निराळे झालेल्या पंथांच्या लोकांनी नोंद करणेच सोडले. वही पाहिली तर मुलांचे जन्म घटत चालले आहेत असे वाटावे. दारोदार फिरावे तर पाळणे पूर्वीइतकेच हलत होते. कित्येक पाळकांनी प्रामाणिकपणे लिहून कळविले की आमच्या वहीवर भरवसा ठेवू नये. अखेर १७९४ साली तो कर उठला. जे पाळक स्वतः घरोघर गेले त्यांचे आकडे आजही विद्वान लोक प्रमाण मानतात.

या सर्व वृत्तांतांवरून सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडची लोकसंख्या १५,२६,४९२ काढली. म्हणजे वेबस्टर यांच्या गणतीनंतर ती अडीच लाखांहून अधिक वाढली होती. देश ओसाड पडत चालला आहे, अशी जी ओरड त्या काळी चाले, ती यामुळे थांबली. तथापि एकंदर बेरीज वाढली म्हणून प्रत्येक गाव वाढले असे नव्हे. शहरे व विणकरांची गावे फुगत होती, आणि कित्येक डोंगरी पॅरिश रिकाम्या होत होत्या. हा भेद एका मोठ्या आकड्याने दिसला नसता. तो नऊशे अडतीस लहान आकड्यांमुळे दिसला.

डन्स्कोर गावची हकीकत या कामाचे दुसरे अंग दाखविते. तेथील पाळकांनी धाडलेल्या वृत्तांतात गावातील एका पुस्तकालयाचा उल्लेखच नव्हता. हे पुस्तकालय रिडेल नावाच्या जमीनदाराने १७८९ साली आपली कुळे व शेजारचे शेतकरी जमवून काढविले होते. प्रत्येकाने आरंभी पाच शिलिंग द्यावे, दर चौथ्या शनिवारी सभेस यावे व त्या वेळी सहा पेन्स भरावे, कोणती पुस्तके घ्यावी ते बहुमताने ठरवावे, आणि पाळीपाळीने ती वाचावयास न्यावी, असे नियम होते. करार तीन वर्षांचा होता. तेवढ्या काळात दीडशेहून अधिक ग्रंथ जमले. या मंडळाचे हिशेब व पुस्तके सांभाळणारा मनुष्य त्याच भागात शेती करीत असे, आणि त्याचे नाव रॉबर्ट बर्न्स. होय, स्कॉटलंडचा प्रसिद्ध कवी तोच! पुस्तकालय वगळलेले पाहून बर्न्स स्वस्थ बसला नाही. त्याने सर्व हकीकत लिहून काढली, खाली आपले नाव न घालता केवळ शेतकरी अशी सही केली, आणि रिडेल यांच्या मार्फत ती सिंक्लेअर यांजकडे पाठविली. सिंक्लेअर यांनी ती तिसऱ्या खंडात छापली. नांगरधारी माणसांनी सहा सहा पेन्स टाकून ग्रंथ घ्यावे, हे त्या गावाच्या सुखाचे माप नव्हे तर काय? तरी पण ते पाळकाच्या वहीत आले नाही, कारण १६६ प्रश्नांत तसा प्रश्न नव्हता, आणि लोकांनीच लोकांसाठी केलेली गोष्ट वरून पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते.

या वृत्तांतांचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. समुद्रातून वाहून नेलेल्या दगडी कोळशावर त्या काळी जकात असे. उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या पाळकांनी एकामागून एक लिहिले की या जकातीमुळे गरिबांस कोळसा परवडत नाही. ते उन्हाळ्याचे महिने पीट नावाची जळाऊ माती खणण्यात व वाळविण्यात घालवितात, आणि शेती व मासेमारी तशीच पडून राहते. एका गावाची तक्रार असती तर ती दप्तरात पडली असती. शेकडो मैलांच्या किनाऱ्यावरून तेच गाऱ्हाणे आले, तेव्हा त्याचे वजन पडले, आणि १७९३ साली जकात उठविण्यात आली. शाळामास्तरांचेही असेच. त्यांचा पगार १६९६ सालच्या कायद्याने शंभर ते दोनशे मर्क ठरला होता. मर्क हे जुने नाणे. दोनशे मर्क म्हणजे सुमारे अकरा पौंड. मध्यंतरी शंभर वर्षे लोटली, भाव दुपटीतिपटीने चढले, पण पगार तोच. गावची मुले शिकविणाऱ्यापेक्षा नांगऱ्या अधिक मिळवितो, असे पाळक पुनःपुन्हा कळवीत होते. १८०३ साली नवा कायदा होऊन पगार तीनशे ते चारशे मर्क झाला आणि मास्तरास राहावयास घर द्यावे असे ठरले. घरात स्वयंपाकघर धरून दोन खोल्यांपेक्षा अधिक असण्याची सक्ती नाही, असेही त्याच कायद्यात आहे; आणि एवढ्यावरही कित्येक जमीनदारांनी कुरकुर केली म्हणतात. १८०१ साली ब्रिटनची पहिली शिरगणती झाली, तेव्हा स्कॉटलंडात ती या शाळामास्तरांच्याच हातून करविण्यात आली. त्यात लोकसंख्या सुमारे सोळा लाख भरली, आणि पाळकांचा हिशेब फारसा चुकला नव्हता हे सिद्ध झाले.

देवीच्या रोगासंबंधीही या खंडांतून पुष्कळ समजते. जेनर यांची गोस्तनदेवीची लस १७९८ साली प्रसिद्ध झाली. तीपूर्वी खऱ्या देवीचाच अंश निरोगी मुलास टोचीत असत. ईश्वराच्या इच्छेत ढवळाढवळ होते या समजुतीने गावोगाव याला विरोध होता. काही पाळकांनी स्वतः टोचण्याचे काम शिकून घेतले, आपल्या गावात किती मुलांस टोचले व त्यांतून किती दगावली हे मोजून लिहिले, आणि न टोचलेल्या मुलांच्या मृत्यूंशेजारी तो आकडा मांडला.

सिंक्लेअर यांच्या आयुष्यातील एक प्रकरण मात्र चरित्रकार बहुधा घाईने उरकतात. आपण तसे करू नये. त्यांस मेंढ्यांची फार हौस होती. १७९१ साली त्यांनी लोकर सुधारण्यासाठी एक सोसायटी काढली आणि पुढील वर्षी चेव्हियट जातीच्या पाचशे मेंढ्या आपल्या लँगवेल इस्टेटीत आणल्या. ही जात थंडी सोसते व लोकर उत्तम देते. लहान कुळांनी थोड्या थोड्या मेंढ्या पाळाव्या, कोणासही एकाएकी हाकलू नये, असे त्यांचे छापील मत होते. परंतु मेंढ्यांस डोंगराची कुरणे लागतात, आणि कुरणांत माणसे राहत होती. लँगवेल व आसपासच्या खोऱ्यांतील कुटुंबांस उठविण्यात आले. त्यांपैकी काही १७९३ च्या सुमारास समुद्राच्या कड्यावर बॅडबे नावाच्या उतरणीवर येऊन वसली. जमीन खडकाळ, उतार इतका व वारा असा की बाया कामास लागल्या म्हणजे गुरे, कोंबड्या आणि रांगती मुलेसुद्धा खुंट्यास दोरीने बांधून ठेवीत, अशी तेथील आख्यायिका आहे. ज्या वर्षी सिंक्लेअर यांच्या छापखान्यातून लोक आपल्या स्थितीत संतुष्ट आहेत काय या प्रश्नाची उत्तरे बाहेर पडत होती, त्याच वर्षांत त्यांचीच कुळे त्या कड्यावर दगड उचलून भिंती रचीत होती.

आम्ही त्यांस ढोंगी म्हणत नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते, आणि पुढे ज्या जमीनदारांनी हजारो लोकांस निर्दयपणे घरे जाळून बाहेर घातले त्यांच्या पंक्तीस सिंक्लेअर यांस बसविणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या पद्धतीतला दोष येथे स्पष्ट दिसतो. प्रश्न पाळकांस विचारले गेले. ज्यांच्याविषयी ते होते त्यांस विचारले गेले नाहीत. पाळकाची नेमणूक पुष्कळ ठिकाणी जमीनदाराच्या हाती, त्याचा पगारही जमीनदारांकडून येई. अशा स्थितीत काही पाळकांनी धैर्याने लिहिले की खंड भारी आहेत व लोक परदेशी चालले आहेत. तर काहींनी आपल्या धन्याची स्तुती करून प्रजा समाधानी असल्याचे कळविले. वाचणाऱ्याने कोणाची लेखणी मोकळी आहे व कोणाची बांधलेली, हे ओळखून वाचावे लागते. आजही कोणी गावाची पाहणी करून आणली असता, उत्तरे कोणाच्या ओसरीवर बसून घेतली हे आधी विचारावे.

१७९३ साली सिंक्लेअर यांच्या आग्रहावरून सरकारने शेतकी मंडळ स्थापिले व त्यांस त्याचे पहिले अध्यक्ष नेमिले. इंग्लंडातही पाळकांकरवी अशीच पाहणी व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती; परंतु ती सिद्धीस गेली नाही. तेथे पाळकांचे उत्पन्न शेताच्या दशमांशावर अवलंबून असे, आणि उत्पन्नाची चौकशी सुरू झाली की दशमांशाची चर्चा निघेल, ही भीती तेथील धर्माधिकाऱ्यांस वाटली. मग त्यांनी परगणावार शेतकीचे अहवाल लिहवून घेतले, तेही उपयोगी ठरले. शेतकी, आरोग्य, दीर्घायुष्य, राज्याचे उत्पन्न अशा नाना विषयांवर त्यांनी इतके लिहिले की त्यांची पुस्तके व पत्रके मोजणाऱ्यांचीही दमछाक होते. स्वभावात एक भाबडा अभिमान होता. आपल्या कामगिरीची यादी स्वतःच छापून मित्रांस वाटण्यास ते लाजत नसत, आणि लोक त्यामुळे पाठीमागे हसत.

पैशाच्या बाबतीत त्यांचे अंदाज चुकत गेले. दुसऱ्यांच्या गावांचे हिशेब इतक्या दक्षतेने मागविणाऱ्या या गृहस्थास स्वतःचा जमाखर्च कधी जुळविता आला नाही. थर्सोचे नवे शहर आखले, पलटणी उभारल्या, बंदर व रस्ते यांवर खर्च केला, आणि कर्ज वाढत गेले. १८११ साली त्यांनी पार्लमेंट सोडून स्कॉटलंडात जकात खात्यातील एक पगारी जागा पत्करली. लँगवेलची इस्टेटही पुढे विकावी लागली. १७८८ साली त्यांनी दुसरा विवाह केला होता व या पत्नीपासून त्यांस तेरा मुले झाली. त्यांतील कॅथरीन नावाची कन्या कित्येक वर्षे बापाचा लेखनिक म्हणून काम करीत असे. बापाच्या मृत्यूनंतर ती स्वतः नावाजलेली लेखिका झाली, आणि एडिंबरोच्या गरिबांसाठी स्वस्त अन्नाची स्वयंपाकघरे व पिण्याच्या पाण्याचे हौद तिने उभारविले.

सर जॉन सिंक्लेअर ता. २१ डिसेंबर १८३५ रोजी एडिंबरो येथे वारले व होलीरूड येथील जुन्या मठात त्यांस मूठमाती देण्यात आली. मरणसमयी ते एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या हयातीतच, १८३४ साली, पाळकांनी दुसऱ्या गणतीचे वृत्तांत छापण्यास आरंभ केला होता. ते १८४५ पर्यंत पंधरा खंडांत पुरे झाले. तिसरी मालिका १९५१ साली सुरू होऊन १९९२ साली संपली.

आपल्या महाराष्ट्रातही या विद्येची पावले लवकर उमटली. पेशवाई जाऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १८२० साली, टॉमस कोट्स नावाच्या डॉक्टराने पुण्याजवळील लोणी गावाची माणसे, घरे, गुरे, जमिनी, कर्जे व चालीरीती यांचा वृत्तांत मुंबईच्या विद्वत्सभेपुढे वाचला. १८२४ साली मुंबई सरकारने साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामी नेमले. पुढे डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा खातेवार अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला, आणि त्यात शेताचे तुकडे व सावकाराचे कर्ज यांनी कुटुंबे कशी बुडत होती ते दाखविले. कोट्स यांच्याच लोणी गावाची, म्हणजे लोणीकंदची, फेरपाहणी डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी करून तिचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला.

बॅडबेच्या कड्यावर आता कोणी राहत नाही. शेवटला रहिवासी १९११ साली गेला. तेथून न्यूझीलंडास गेलेल्या एका कुटुंबाच्या वंशजाने त्याच वर्षी जुन्या घराच्या दगडांचा एक स्तंभ उभारला आणि त्यावर तेथे राहिलेल्या लोकांची नावे कोरविली.